शेवटचे दोन आकडे एक्केचाळीस

एवेलियो माझ्या दारात आला तेव्हा शनिवारचा दुपारचा एक वाजला होता आणि वीज जाऊन सात तास झाले होते. मी दारातल्या उजेडात तांदूळ निवडत बसले होते. त्यानं हातातली प्लास्टिकची पिशवी माझ्या परातीशेजारी ठेवली आणि म्हणाला, "ओनेलिया, ही डबी चालू करता येते का गं तुला?"

पिशवी न उघडताच मला कळलं. एवेलियोच्या लेकीनं, यामिरानं, आईसाठी स्पेनहून पाठवलेली ती काळी डबी. टीव्हीला जोडायची, तिला इंटरनेट द्यायचं, की तिकडची चॅनलं इकडे आमच्या बायामो गावात दिसायची. नेरेइदा, म्हणजे एवेलियोची बायको, शेवटचं वर्षभर त्या डबीसमोरच असायची. बाकी काही नाही, माद्रिदचं हवामान बघायची. "आज पोरीकडे पाऊस आहे गं," असं मला भिंतीपलीकडून ओरडून सांगायची. ती गेली, आणि एवेलियोनं डबी पिशवीत बांधून कपाटावर टाकून दिली. त्यालाही आता दोन वर्षं झाली.

"मला कशी येणार? मी जन्मभर भूगोल शिकवला," मी म्हटलं. "टीव्ही तू दुरुस्त करायचास."

"ते टीव्ही होते. मागून उघडता यायचे."

तो थट्टा करत नव्हता. आमच्या गावातला प्रत्येक रशियन टीव्ही कधी ना कधी त्याच्या हाताखालून गेला होता. नुसती खरखर ऐकून तो आतलं काय जळलंय ते सांगायचा. लोक त्याला रस्त्यात अडवून विचारायचे, अंत्ययात्रेतसुद्धा विचारायचे. आणि आता तो ती तळहाताएवढी डबी उलटसुलट करून मला दाखवत होता. तिला कुठे एक स्क्रू नव्हता.

"चार वाजता आहे ना?" तो तांदळाकडे बघत म्हणाला.

"काय चार वाजता?"

"उगाच भाव खाऊ नकोस. गुरुवारी भिंतीला तोंड लावून तूच ओरडत होतीस."

मीच ओरडले होते, आणि मुद्दाम. यामिरा तिकडच्या टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धेत होती. हजारभर लोकांतून दहाजण उरले होते आणि त्या दहांत ती एक. तिकडे रात्रीचे दहा म्हणजे आपल्याकडे दुपारचे चार. फोनवर मला सांगताना ती म्हणाली होती, "पप्पांना सांगायचं तर सांग, मावशी. बघणार नाहीत ते."

बापलेकीचं बोलणं बंद होतं. नेरेइदाच्या किडन्या गेल्या तेव्हा यामिराचे कागद तिकडे अडकलेले होते. स्पेन सोडला असता तर तिला तिथे परत आत घेतलं नसतं. ती आली नाही. एवेलियोनं माझ्याच फोनवरून तिला सांगितलं, "तू गात बस तिकडे. आई गेली की कळवतो," आणि फोन माझ्या हातात दिला. त्यानंतर ती दर रविवारी मला फोन करायची. मी भिंतीपाशी जाऊन हाक मारायची, आणि हा अंगणात पक्कड घेऊन उभा असतानाच म्हणायचा, "झोपलोय म्हणून सांग."

"मग तिलाच विचारू या की," मी म्हटलं. "ती सांगेल कसं लावायचं ते."

"नाही. तिला कळता कामा नये. कबूल असेल तर बोल, नाहीतर चाललो मी."

मी परात बाजूला सरकवली.

दोन वाजता वीज आली. सगळ्या गल्लीतून एकदम आरडाओरडा झाला, पंखे फिरले, कुणाचा तरी मिक्सर घरघरायला लागला. आम्ही त्याच्या घरी पळालो. वायर कुठे खुपसायची ते त्यानं बरोबर ओळखलं, तेवढंच एक काम त्याच्या ओळखीचं होतं. माझ्या फोनचं इंटरनेट डबीला दिलं. पडद्यावर निळा रंग आला आणि एवेलियोनं श्वास सोडला. मग अक्षरं उमटली: नवीन आवृत्ती उतरवून घेत आहे, कृपया बंद करू नका.

"हे काय?"

"दोन वर्षं झोपली होती ना डबी. स्वतःला सुधारून घेते आहे."

"किती वेळ?"

मला काय माहीत? खाली एक पांढरी रेघ होती, ती मुंगीसारखी पुढे सरकत होती. दहा टक्के. एकोणीस. एवेलियो खुर्ची ओढून अगदी पडद्याला नाक लावून बसला. मी केलेली कॉफी त्याच्या हातात तशीच गार झाली. सत्तर. एक्क्याऐंशी. सत्त्याऐंशीवर गेली वीज.

गल्लीतून शिव्यांचा एक लोट आला आणि मग सगळं शांत झालं. तीनला दहा मिनिटं होती.

"परत पहिल्यापासून?" त्यानं विचारलं.

"बहुतेक."

त्यानं कपाळ टीव्हीच्या कडेला टेकवलं आणि तसाच राहिला. नेरेइदाच्या मयतीत हा माणूस कोरड्या डोळ्यांनी उभा होता. पेटी कुठल्या अंगानं धरायची ते लोकांना सांगत होता. त्याची पाठ अशी हलताना मी कधी बघितली नव्हती. मला तिथे थांबवेना. मी बाहेर गेले, पुन्हा आत आले, आणि तेव्हा मला ओस्मानी आठवला.

ओस्मानीचं घर इस्पितळाच्या मागे होतं. इस्पितळाच्या लाइनवरची घरं कधी अंधारात जात नाहीत, त्यामुळे त्या चार गल्ल्यांकडे सगळं गाव डोळे लावून असतं. ओस्मानी दर शनिवारी पॅकेट विकायचा, म्हणजे आठवड्याभराच्या मालिका, सिनेमे, गाणी, सगळं एका मोठ्या डिस्कवर यायचं आणि तो ते लोकांच्या पेनड्राइव्हवर उतरवून द्यायचा. त्याच्याकडे बऱ्यापैकी इंटरनेटही होतं.

आम्ही कोपऱ्यावर घोडागाडीत चढलो. गाडीवाला हलेना. अजून दोघं हवी होती.

"अरे बाबा, चल की!" एवेलियो ओरडला. "माझी मुलगी…" आणि तिथेच थांबला.

"घोडा एकच आहे, काका, पण माणसं आठ लागतात," गाडीवाला शांतपणे म्हणाला.

शेवटी गाडीवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं सहा जणांवरच घोडा हाकला. एवेलियो डबी दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसला होता. पूर्ण वाटेत त्यानं मला तीनदा वेळ विचारली.

ओस्मानीच्या ओसरीवर रांग होती. एक म्हातारी त्याला विचारत होती, "चित्र दिसतं रे, पण बोलतात ते तुर्की. गेल्या शनिवारी चांगलं बोलत होते." एकाला जाणून घ्यायचं होतं की ही गाणी ट्रकच्या रेडिओत वाजतील का. दुसरा म्हणत होता की त्याच्या टीव्हीला पेनड्राइव्हचं भोकच नाही, तर आता काय करायचं. ओस्मानी सगळ्यांना एकाच सुरात उत्तरं देत होता. मान वर करून त्यानं एवेलियोला बघितलं आणि उठूनच उभा राहिला.

"उस्ताद! तुम्ही आणि माझ्याकडे रांगेत? माझ्या बापाचा टीव्ही सात वेळा जिवंत केलात तुम्ही. या आत."

रांगेतल्यांनी कुरकुर केली. मी काय ते दोन वाक्यांत सांगितलं. यामिराचं नाव ऐकताच म्हातारी म्हणाली, "ती शाळेच्या समारंभात गायची ती? मग आम्हालाही बघू दे," आणि सगळी रांगच ओसरीवरून आत आली.

चार वाजून दहा मिनिटांनी डबीची सुधारणा संपली. चॅनलचं चिन्ह आलं. मग काळ्या पडद्यावर एक ओळ: ही सेवा आपल्या देशात उपलब्ध नाही.

एवेलियोनं माझ्याकडे बघितलं. "नेरेइदाला तर दिसायचं."

"तेव्हा यामिरानं काहीतरी करून दिलं असेल. थांबा, उस्ताद," ओस्मानी म्हणाला. "डबीला वाटलं पाहिजे की ती माद्रिदमध्ये आहे."

"म्हणजे खोटं बोलायचं?"

"सगळा गाव बोलतो."

डबीला ते पटायला दहा मिनिटं गेली. मग तिनं पासवर्ड मागितला. एवेलियोनं पाकिटातून चौघडी केलेला एक कागद काढला. नेरेइदाचं अक्षर होतं. तो कागद त्यानं दोन वर्षं पाकिटात का ठेवला होता, हे मी विचारलं नाही. ओस्मानीनं एकेक अक्षर टिपलं आणि आम्ही सगळे श्वास रोखून बसलो.

पडद्यावर आलं: नवीन ठिकाणाहून प्रवेश होत आहे. सुरक्षेसाठी आपल्या फोनवर सहा आकडी कोड पाठवला आहे. फोनचे शेवटचे दोन आकडे एक्केचाळीस.

"कोणाचा हा नंबर?" ओस्मानीनं विचारलं.

मला माहीत होतं. एवेलियोनं तो कधी लावला नव्हता, पण त्यालाही माहीत होता.

"दुसरा काही रस्ता?" तो म्हणाला.

"नाही, उस्ताद. खातं तिच्या नावावर आहे. तिनं सांगितल्याशिवाय ही डबी कुणालाच ओळखत नाही."

एवेलियो मागे सरकला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मी माझ्या फोनवर त्या चॅनलचं पान उघडलं होतं. चित्र येत नव्हतं, पण आता कोण गातंय ते लिहून येत होतं. तिसरी मुलगी. यामिरा सातवी होती.

"मी लिहू तिला?" मी विचारलं.

"नको."

चौथा मुलगा गायला लागला. शेवटी ती म्हातारीच उखडली. "अरे, मुलगी आहे ना तुझी? मग माग की! सरकारी कचेरीत चाललायस काय?"

एवेलियोनं माझ्यापुढे हात केला. "कुठे बोलायचं?"

"हे दाबून धर आणि बोल. सोडलंस की जातं."

त्यानं फोन इस्त्रीसारखा धरला. "यामिरा," तो म्हणाला. बराच वेळ नुसता श्वास. "मी बोलतोय. तुला एक नंबर आला असेल. तो पाठव." बोट सुटलं. लगेच पुन्हा दाबलं. "तू दिसायला हवीस आम्हाला."

एका मिनिटात सहा आकडे आले. पुढे-मागे एक शब्द नाही. ओस्मानीनं ते घातले. कोडची मुदत संपली आहे, डबी म्हणाली. नवीन कोड पाठवला आहे.

म्हणजे तो भिंतीला टेकून उभा होता, तेवढ्यात पहिला कोड मेला होता.

"यामिरा, तो जुना झाला. नवीन आला असेल," एवेलियो फोनमध्ये म्हणाला. मग पुन्हा, "मुली, नवीन पाठव." मग, "ऐकतेस का?" निरोप जात होते, आकडे येत नव्हते, आणि कोड मरू नये म्हणून ओस्मानी मधून मधून नवा मागवत होता. पाचवी झाली. सहावीचं नाव आलं. तो थांबेना. दाबायचा, बोलायचा, सोडायचा. फोन माझा आहे हेही विसरला. "यामिरा, पप्पा बोलतोय." "यामिरा, गडबडू नकोस, पण पाठव." मी मोजले, अकरा निरोप. मी त्याच्या हातातून फोन काढून घ्यायला हवा होता. माझ्या मनात आलंही. पण चाळीस वर्षं शेजारी राहून त्याच्या तोंडून मी एवढे शब्द एका दमात ऐकले नव्हते, आणि माझा हात उठला नाही.

पाच वाजून बावीस मिनिटांनी दुसरे सहा आकडे आले. ओस्मानीनं ते भराभर घातले. डबी उघडली.

ती मंचावर उभी होती. हिरवा पोशाख, केस कापलेले, दंड वाळलेले. वाद्यं वाजायला लागलेली होती. "किती वाळली," म्हातारी पुटपुटली. बोलेरो होता, म्हणजे जुन्या घाटाचं संथ प्रेमगीत. वाद्यांनी तिच्यासाठी जागा करून दिली, आणि ती जागा निघून गेली. यामिराचं तोंड बंद होतं. ती समोर बघत होती, पण काही दिसत नसल्यासारखी. पियानोवाल्यानं वळून बघितलं, तेच सूर पुन्हा फिरवले. तेव्हा कुठे तिनं तोंड उघडलं, ओळीच्या मधूनच. दोन ओळी धड ऐकू आल्या. मग चित्र गोठलं.

एवेलियोचा हात उठला आणि टीव्हीच्या बाजूला थाप मारायला गेला, चाळीस वर्षांची सवय.

"नको, उस्ताद, पडेल तो!" ओस्मानीनं त्याचं मनगट धरलं.

तिचा चेहरा तसाच, डोळे अर्धे मिटलेले. आवाजाचे तुकडे येत राहिले, एक उसासा, अर्धा शब्द, मध्येच टाळ्या. चित्र हललं तेव्हा गाणं संपलं होतं आणि एक परीक्षक बोलत होती. "आवाज सुंदर आहे तुझा. पण सुरुवातीला काय झालं?"

"घरून निरोप आला होता," यामिरा म्हणाली.

"वाईट?"

तिनं मान हलवली. नाही.

मग गुण आले. ती स्पर्धेतून बाहेर गेली होती.

खोलीतल्या कुणीच एवेलियोकडे बघितलं नाही. ट्रकवाल्यानं आपला पेनड्राइव्ह उचलला आणि बाहेर जाऊन थांबला, मागोमाग बाकीचे. म्हातारी जाताना एवेलियोच्या खांद्यावर हात ठेवून गेली. तो बसूनच होता. टीव्हीवर आठवा गात होता, ओस्मानीनं आवाज बंद केला.

अर्ध्या तासानं फोन वाजला. मी तो एवेलियोला दिला आणि त्यानं घेतला. आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"पप्पा?"

"हं."

"दिसले का मी?"

"थोडी. मध्येच अडकलं."

मग त्यानं विचारलं, "माझ्यामुळे झालं ना?"

मला वाटलं, ती नाही म्हणेल. मी म्हटलं असतं.

"हो," यामिरा म्हणाली. "मंचामागे उभी होते आणि तुमचा आवाज आला. मग तो येतच राहिला. फोन काढून घ्यायला तिथली मुलगी आली तर मी तिला घेऊ देईना. बाहेर आले तर पहिली ओळच आठवेना. दोन वर्षं, पप्पा. दोन वर्षं मी वाट बघितली आणि तुम्ही काय मागितलंत? कोड!"

"दुसरं काय मागायचं ते मला कळलं नाही."

ती रडत होती. इकडे एवेलियोची मूठ गुडघ्यावर उघडझाप करत होती.

"मला यायचं होतं," ती म्हणाली. "आईच्या वेळी. मला खरंच यायचं होतं."

"माहीत आहे."

"आता माहीत आहे?"

तो गप्प राहू शकला असता. "तेव्हाही माहीत होतं," तो म्हणाला.

पलीकडून एक श्वास ऐकू आला, आणि फोन बंद झाला. एवेलियो बराच वेळ तो कानाशीच धरून होता. मग माझ्याकडे देत म्हणाला, "ठेवला तिनं."

त्यानंतर तीन रविवार तिचा फोन आला नाही. ते तीन रविवार एवेलियो सकाळी नऊपासून दाढी करून माझ्या ओसरीवर येऊन बसला. एवढा घाबरलेला माणूस मी इस्पितळातही बघितलेला नाही. फोनला वीज पुरावी म्हणून मला तो कुणाशी बोलूही देईना. मी निरोप पाठवले, उत्तर आलं नाही. तिसऱ्या रविवारी दुपारी तो म्हणाला, "ओनेलिया, मी मोडलं ते. आता नाही होणार दुरुस्त." मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले, तर हात हलवून मला गप्प केलं आणि घरी निघून गेला. जेवण त्यानं घेतलं नाही. मी भिंतीवरून ताट दिलं, ते तसंच परत आलं.

चौथ्या रविवारी फोन आला. यामिरा माझ्याशी दोन शब्द बोलली आणि म्हणाली, "त्यांना दे." आवाजात प्रेम-बिम काही नव्हतं, थकवा होता. ज्या वृद्धाश्रमात ती म्हाताऱ्यांना उचलते-ठेवते, तिथली पाळी संपवून आली होती. ती अजूनही तेच काम करते. त्या दिवसानंतर ती कुठे गायलेली नाही, आणि मी विचारलं तर विषय बदलते.

एवेलियोनं फोन घेतला. जेवलात का, गुडघा कसा आहे, एवढं झालं, आणि दोघंही अडकले. मला भीती वाटली की आता पुन्हा तुटणार. तेवढ्यात एवेलियोनं घसा खाकरला.

"यामिरा, तुझी गाणी फोनवर घेता येतात म्हणे. कशी?"

"कुठली गाणी?"

"तुझी. जी असतील ती."

ती म्हणाली, "मावशीच्या फोनवर मी एक पाठवते. खाली बाणाचं चिन्ह येईल. ते दाबा."

"बाण? इथे दोन बाण आहेत."

"खालच्या बाजूला तोंड असलेला."

"दोन्ही खालीच बघतायत."

"पप्पा, कसं शक्य आहे? नीट बघा."

"नीटच बघतोय. एकाभोवती गोल आहे."

"गोल सोडा! दुसरा."

"म्हणजे गोल नसलेला?"

"हो!"

त्यानं पेन्सिल मागितली. मी जुन्या वहीचं पान फाडून दिलं. त्यावर तो बाण काढत, तिला विचारत, तिची बोलणी खात तासभर बसला होता, आणि एक गाणंही उतरलं नाही.